उपशीर्षकांत हरवलेला कल्प

चिनी देवलोकातल्या प्रेमकथांच्या मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह पाहणाऱ्याला 'ट्रिब्युलेशन' हा शब्द लवकरच पाठ होतो. नायिकेवर वीज कोसळते, ती ट्रिब्युलेशन. नायक पृथ्वीवर मर्त्य होऊन जन्मतो, तेही ट्रिब्युलेशन. प्रेमात होरपळणे, आंधळे होणे, स्मृती गमावणे, साऱ्यांना तोच शब्द. मूळ संवादात मात्र तिथे 'चिए' असा एकाक्षरी चिनी शब्द असतो, आणि तो चिनी लिपीत गेलेला आपला 'कल्प' आहे.

हा वाङ्मयप्रकार चीनमध्ये 'शिएनशिया' म्हणून ओळखला जातो. 'शिएन' म्हणजे साधनेने अमरत्व मिळवलेला जीव आणि 'शिया' म्हणजे दुर्बळांसाठी तलवार उपसणारा वीर. त्याचे आधुनिक रूप ज्या कादंबरीपासून मोजतात, ती शूच्या डोंगरांतील तलवारवीरांची प्रचंड कथा 1932 पासून त्येनचिनच्या एका वृत्तपत्रात क्रमशः येऊ लागली. 1995 मध्ये तैवानात याच धर्तीवर एक संगणकीय खेळ निघाला आणि 2005 मध्ये त्यावर मालिका झाली. पुढे इंटरनेटवर रोज एकेक प्रकरण लिहिणाऱ्या लेखिकांनी हा प्रांत ताब्यात घेतला. तलवार मागे पडली, प्रेम पुढे आले. आज आपल्याकडे पाहिल्या जाणाऱ्या बहुतेक मालिका अशाच कादंबऱ्यांवर बेतलेल्या आहेत.

आता कल्पाकडे येऊ. आपण पूजेच्या संकल्पात श्वेतवाराह कल्पाचा उच्चार करतो. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, 432 कोटी वर्षे. बौद्ध ग्रंथांचे भाषांतर करणाऱ्यांपुढे हा शब्द आला तेव्हा त्यांनी 'लुटणे, बळजबरी करणे' या अर्थाचे एक चिनी अक्षर ध्वनीसाठी घेतले. त्याचा तेव्हाचा उच्चार 'क्यप'च्या जवळ जाणारा होता. आज तो 'चिए' झाला आहे. पण अक्षर घेतले की त्याच्या मूळ अर्थाची सावलीही येते. शिवाय कल्पाच्या शेवटी अग्नी सृष्टी गिळतो, ही कल्पना बौद्ध ग्रंथांतून सोबत आली होतीच. चिनी परंपरेत एक आख्यायिका आहे. हान सम्राट वू याने तलाव खणायला घेतला तेव्हा खोलवर काळी राख लागली. ती कसली, हे दरबारात कुणाला सांगता येईना. पुढे पश्चिमेकडून आलेल्या एका भिक्षूने सांगितले, की ही मागच्या कल्पाच्या होळीची राख. असा कल्प काळाचे माप न राहता आपत्ती झाला, आणि मग एकेका जिवाने सोसून पार करायची परीक्षा झाला.

हे ध्यानात घेऊन 2017 ची 'इटर्नल लव्ह' ही मालिका पाहावी. चिनी नावाचा अर्थ 'तीन जन्म, तीन काळ, दहा ली पीचफुले'. एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. तांग छी या लेखिकेच्या कादंबरीवरची ही मालिका 58 भागांची आहे. बाय छिएन ही कोल्ह्यांच्या राजकुळातली देवी. पहिल्या पर्वात ती पुरुषवेषात खुनलुन पर्वतावर शिष्य असते. दुसऱ्या पर्वात एका लढाईनंतर शक्ती आणि स्मृती गमावून ती सूसू नावाची साधी मर्त्य स्त्री होते. स्वर्गाचा युवराज ये ह्वा तिच्याशी लग्न करतो, तिला स्वर्गात नेतो आणि तिथल्या कारस्थानापुढे हतबल होतो. दुसऱ्या स्त्रीचे डोळे घालवल्याचा खोटा आळ सूसूवर येतो. तिला याहून कठोर शिक्षा होऊ नये म्हणून तो स्वतःच्या हातांनी तिचे डोळे काढतो. बाळंत होताच ती देवांना शिक्षा देण्याच्या कड्यावरून उडी घेते.

आणि ती मरत नाही. जागी होते ती बाय छिएन म्हणून, पूर्वीहून वरच्या पदाची देवी होऊन. सूसूचे सारे आयुष्य हा तिचा चिए होता. तो पार पडला, बढती मिळाली. उपशीर्षकातल्या 'ट्रिब्युलेशन'ने इथे दुःख तेवढे कळते. कल्प आठवला की कळते, की एका बाईच्या डोळ्यांत सबंध सृष्टीची होळी झाली आणि स्वर्गाने तिची नोंद सेवापुस्तकात केली.

सेवापुस्तक हा शब्द गमतीने वापरलेला नाही. चिनी लोकधर्मात स्वर्ग हे दफ्तर आहे. तिथे पदे आहेत, हुकूम आहेत, नोंदवह्या आहेत. 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातल्या कादंबरीत वानरराजाला गप्प बसवण्यासाठी स्वर्गाच्या तबेल्यावर नेमतात. ते पद किती हलके हे कळताच तो बंड करतो. माणसांचे नशीब ठरवणारा सुमिंग हा देव तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या काव्यातही आहे. 2022 च्या 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल' या 36 भागांच्या मालिकेची नायिका याच सुमिंगच्या दफ्तरात खालच्या पदावर नशिबाच्या वह्या दुरुस्त करते. श्याओ लानह्वा म्हणजे छोटी ऑर्किड. तिच्या हातून तीस हजार वर्षे कैदेत असलेला डोंगफांग छिंगत्सांग सुटतो. त्याच्या बापाने त्याला अजिंक्य करण्यासाठी त्याच्यातल्या साऱ्या भावना मुळापासून उपटल्या आहेत. एका मंत्राने तो तिच्याशी असा बांधला जातो, की तिला लागले की त्याला दुखते. ज्याला रडू म्हणजे काय ठाऊक नाही, त्याला दुसरीच्या दुःखाने पाणी येऊ लागते. हा सारा प्रकार आधी विनोदाने येतो आणि हळूहळू गंभीर होतो; मालिकेचे यश त्यात आहे.

मूळ कादंबरीत हा नायक 'मो'चा अधिपती आहे. मालिकेने त्याला चंद्राच्या नावाची जमात दिली, तरी इंग्रजी नावात 'डेव्हिल' उरलाच. हा 'मो' म्हणजे बुद्धाला बोधिवृक्षाखाली छळणारा आपला मार. त्याच्यासाठी चिनी लिपीत खास अक्षर घडवले गेले. आधी ध्वनीसाठी जात्याचे अक्षर वापरत. पुढे त्यातला दगड काढून तिथे भूत बसवले. मार हा ख्रिस्ती सैतान नव्हे, वासनेचा आणि मृत्यूचा स्वामी आहे. म्हणूनच तो प्रेमात पडतो तेव्हा कथेला वेगळी धार येते. ज्याचे काम इतरांना मोहात पाडण्याचे, तोच मोहात सापडतो.

मग असे वाटू शकते, की हे सारे आपलेच, फक्त फिरून आलेले. तसे मात्र नाही, आणि इथे एक जुने पुस्तक उपयोगी पडते. ह्युएन त्संग हा यात्री सातव्या शतकात भारतात आला, महाराष्ट्राबद्दल आणि पुलकेशीबद्दल लिहून गेला, 657 ग्रंथ घेऊन 645 मध्ये परतला; 'पश्चिमेची यात्रा'तला भिक्षू तोच. तो ज्या हर्षाचा पाहुणा होता, त्याच हर्षाच्या आश्रयाने बाणभट्ट 'कादंबरी' लिहीत होता. मराठीत या वाङ्मयप्रकाराला नावच त्या ग्रंथाने दिले. तीही तीन जन्मांची प्रेमकथा आहे. चंद्र चंद्रापीड होतो, मग शूद्रक होतो; पुंडरीक वैशंपायन होतो, मग पोपट होतो. पुरुष मरतात, पुन्हा जन्मतात, विसरतात. महाश्वेता आणि कादंबरी मात्र त्याच देहात राहतात. एक सरोवराकाठी तप करते, दुसरी प्रियकराचा न कुजणारा देह राखत बसते. वाट पाहणे आणि आठवण ठेवणे ही बायकांची कामे. वटपौर्णिमेच्या सात जन्मांच्या मागण्यातही तीच हमी आहे: जन्म बदलेल, नाते बदलणार नाही.

चिनी मालिकेत ही वाटणी उलटली आहे. जागी झालेली बाय छिएन जुन्या स्नेह्याकडून विस्मृतीचे औषध मागून घेते. परलोकाच्या पुलाजवळ मंग पो नावाची म्हातारी मृतांना विसराचे सार पाजते, अशी चिनी समजूत आहे. इथे तो प्याला बाई जिवंतपणी, स्वतःच्या मर्जीने उचलते. तीनशे वर्षे आठवण वाहतो तो ये ह्वा, आपल्या लहान मुलाला वाढवत. ती परत भेटते तेव्हा ती त्याला ओळखत नाही. तिचे वय एक लाख चाळीस हजार, त्याचे पन्नास हजार, म्हणून ती त्याच्याशी वडीलधाऱ्यासारखी बोलते. या प्रसंगांतली मौज आणि कळ दोन्ही एकाच गोष्टीतून येतात. प्रेक्षकाला सारे ठाऊक आहे, त्याला ठाऊक आहे, फक्त तिला नाही.

या प्रकाराचे दोष लपवण्यासारखे नाहीत. नायिकेला छळण्याची हौस पुष्कळदा अति होते, उपकथानके रबरासारखी ताणली जातात. चाळीस भागांच्या आत आटपा, असे चिनी नियामकांनी 2020 मध्ये सुचवले, ते प्रेक्षकाच्या पथ्यावरच पडले. पण विसरणे हा बाईचा हक्क असू शकतो, आणि आठवणे हे पुरुषाचे प्रायश्चित्त, हा विचार आपल्या जन्मोजन्मीच्या कथांत सहसा सापडत नाही.

अखेर बाय छिएनला सारे आठवते. ती आधी रडत नाही, ये ह्वाकडेही धावत नाही. जिने आळ घेऊन तिचे डोळे मिळवले, तिच्या महाली जाते आणि आपले डोळे परत मागते. नवऱ्याशी बोलायला तिला वेळ लागतो, आणि तेवढ्यात फार उशीर होतो. हा प्रसंग पाहताना पडद्याच्या तळाशी 'ट्रिब्युलेशन' आले, तर मनात तिथे कल्प वाचावा. सृष्टी जळून गेल्यावर उरलेली राख ती मोजते आहे, हे मग निराळे सांगावे लागत नाही.