शाळेपूर्वीची गुंतवणूक

भांडवलावरील परतावा व्यापारी कुटुंबे अचूक जाणतात. अपत्याच्या पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, इप्सिलान्टी येथे १९६२ साली त्याचा प्रारंभ झाला. गरीब घरांतील १२३ बालकांपैकी ५८ जणांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी बालवाडीचा लाभ मिळाला. काय खेळायचे हे मूल आधी ठरवी, मग खेळे व शेवटी काय केले ते सांगे. शिक्षिका दर आठवड्यास घरी जाऊन मातांनाही मार्गदर्शन करीत.

बुद्ध्यंकातील वाढ काही वर्षांतच ओसरली. तरीही चाळिशीत या मुलांची कमाई उरलेल्या ६५ जणांहून अधिक होती आणि गुन्ह्यांचे प्रमाण कमी. नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन व सहकाऱ्यांनी या खर्चावरील परतावा वार्षिक ७ ते १० टक्के काढला. टिकले ते पाठांतर नव्हे. टिकला तो संयम, चिकाटी आणि जुळवून घेण्याचा स्वभाव.

म्हणून तिसऱ्या वर्षीच अक्षरे गिरवून घेण्याची घाई नको. आजीची गोष्ट, मिसळलेली कडधान्ये निवडण्याचा खेळ आणि दुकान वाढवल्यावर मोबाइल बाजूस ठेवून वडिलांनी दिलेला अर्धा तास, हीच शाळेची खरी पूर्वतयारी होय. या खात्यात मुद्दल पैशांचे नसते, वेळेचे असते; आणि ते भरण्याची मुदत एकदाच येते.