काळ्या गाळाचे वजन

रायपूरच्या गोल बाजारात लग्नाची खरेदी निघाली की बांबूचा पर्रा आणि सूप यादीत असतातच. बांबूची पाती लवते पण सहजी मोडत नाही, कारण तिच्यातल्या सेल्युलोजच्या धाग्यांना लिग्निन घट्ट धरून ठेवते. बांबूच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा लिग्निनचाच.

तो मोजणे मात्र कठीण. साखरेचा रेणू ठरलेला असतो, लिग्निनचा नाही. त्याचे घटक प्रत्येक वनस्पतीत वेगळ्या प्रमाणात आणि कसेही जोडलेले असतात. म्हणून बाकीचे सगळे विरघळवायचे आणि उरेल ते तोलायचे, ही वाट धरली गेली. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ पीटर क्लासोन यांचे नाव या पद्धतीला आहे.

बांबूचा भुगा आधी पाण्याने आणि अल्कोहोलने धुऊन काढतात, नाहीतर राळ आणि टॅनिनही हिशेबात शिरतात. मग सुकवलेल्या ३०० मिलिग्रॅम भुग्यावर ७२ टक्के गंधकाम्ल, ३ मिलिलिटर. ३० अंश सेल्सिअसवर तासभर काचेच्या कांडीने ढवळत राहायचे. भुगा काळपट होतो, सेल्युलोजची वीण सुटते. मग ८४ मिलिलिटर पाणी घालून १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये आणखी तासभर. सेल्युलोजची साखर होऊन ती पाण्यात उतरते. गाळणीवर राहतो तो काळा गाळ. तो १०५ अंशांवर सुकवून तोलतात. थोडे लिग्निन आम्लातही विरघळते, ते अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून वेगळे मोजावे लागते.

शेवटी गाळ ५७५ अंशांवर जाळून राखेचे वजन वजा करतात. मला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. छत्तीसगढ भाताचा मुलूख, आणि भाताच्या पेंढ्यात सिलिका वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त असू शकते. ती आम्लात विरघळत नाही. राख वजा केली नाही, तर सिलिकाच लिग्निन म्हणून नोंदली जाते आणि चाऱ्याची प्रत चुकीची ठरते. हिरव्या चाऱ्यात प्रथिनेही असाच घोळ करतात; म्हणून पीटर व्हॅन सोएस्ट यांच्या पद्धतीत चारा आधी आम्लयुक्त डिटर्जंटमध्ये उकळतात.

बल्लारपूरसारख्या कागद गिरणीला लगदा शिजत असतानाच उत्तर हवे असते. तिथे कप्पा अंक कामाला येतो: लगद्यात पोटॅशियम परमँगनेट घालून दहा मिनिटांत किती खर्ची पडले ते पाहायचे. अंकाला साधारण ०.१५ ने गुणले की लिग्निनची टक्केवारी मिळते. कप्पा २० म्हणजे सुमारे ३ टक्के. पण निलगिरीच्या लगद्यातली हेक्सेन्युरॉनिक आम्लेही परमँगनेट खातात, त्यामुळे तिथे हा अंक खऱ्या लिग्निनपेक्षा वरच येतो.