नॉमिनी एक, वारस अनेक : सरकारी नोकरदारांच्या घरात हे बोलायलाच हवं

बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधलं मराठी घर ओळखायचं असेल, तर स्वयंपाकघराची भिंत बघावी. तिथं बहुधा 'कालनिर्णय' असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, संकष्टी, मुलांच्या परीक्षा, सगळं त्याच्यावर लिहिलेलं. कुणी केंद्र सरकारच्या कार्यालयात, कुणी पोस्टात, कुणी रेल्वेत. बदली होऊन आले आणि इथलेच झाले. इथं फ्लॅट घेतला, बेळगाव-कोल्हापूरकडची शेती मात्र तशीच राहिली.

याच घरांच्या कपाटात एक फाइल असते. तिच्यात नोकरीला लागल्यावर भरलेल्या फॉर्मच्या प्रती असतात. एक प्रश्न स्वतःला विचारून बघा : तुमच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मात नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे? आठवत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

फॉर्मात आई, घरात बायको

नोकरी लागते तेव्हा बहुतेकांचं लग्न झालेलं नसतं. साहजिकच आईचं नाव लिहिलं जातं. पुढं लग्न होतं, मुलं होतात, पण फॉर्म तसाच राहतो.

संरक्षण लेखा विभागातल्या एका कर्मचाऱ्याचं असंच झालं. २००० साली नोकरी लागली, तेव्हा जीपीएफसाठी आईचं नाव दिलं. २००३ मध्ये लग्न झालं. इतर काही लाभांसाठी पत्नीचं नाव लावलं, जीपीएफचं मात्र बदलायचं राहिलं. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं आणि सासू-सुनेत रकमेवरून वाद उभा राहिला. न्यायाधिकरणानं रक्कम दोघींत निम्मी-निम्मी वाटायला सांगितली. मुंबई उच्च न्यायालयानं फॉर्मातलं नाव धरून आईच्या बाजूनं निर्णय दिला. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निम्म्या-निम्म्या वाटणीचा निर्णय दिला. कुटुंब झाल्यावर हे नामांकन रद्द होईल, अशी अट त्या फॉर्मातच होती. म्हणजे लग्नानंतर ते नामांकन टिकलंच नव्हतं.

कर्नाटकातही असंच एक प्रकरण झालं. लग्नाआधी काढलेल्या विमा पॉलिसीत आई नॉमिनी होती, मागे पत्नी आणि लहान मूल राहिलं. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठानं आई, पत्नी आणि मूल अशा तिघांना एक-तृतीयांश वाटा दिला.

दोन्ही निकाल कुणालाही सरळ आणि न्याय्य वाटतील. पण ते मिळेपर्यंतची वर्षं कशी गेली असतील, याचा विचार करा. एकीनं मुलगा गमावला, दुसरीनं नवरा. दोघींनी एकमेकींना आधार द्यायच्या काळात त्या एकमेकींविरुद्ध वकील लावून बसल्या. फॉर्म बदलायला फार तर एक दुपार लागली असती.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

"नॉमिनी लावलाय ना, मग झालं!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कायद्याच्या नजरेत नॉमिनी हा साधारणपणे पैसे स्वीकारणारा माणूस असतो. बँक किंवा कंपनी त्याला रक्कम देऊन मोकळी होते. ती रक्कम शेवटी कुणाची, हे मृत्युपत्र ठरवतं आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा ठरवतो. आयुर्विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं ही भूमिका १९८४ सालीच स्पष्ट केली होती. २०१५ पासून विमा कायद्यात पती-पत्नी, मुलं आणि आईवडील नॉमिनी असतील तर त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. तरीही वाद कोर्टात जातात, हे धारवाडच्या प्रकरणात दिसलंच.

आता भिंतीवरच्या 'कालनिर्णय'कडे पुन्हा वळू. त्याचे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. शिवाय म्युच्युअल फंड आणि मुदत ठेवींना नॉमिनीही लावलेले होते. गुंतवणूक नॉमिनीची की सगळ्या वारसांची, हा प्रश्न २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : शेअर आणि रोख्यांवर नॉमिनी लावला म्हणून तो त्यांचा मालक होत नाही. नेहमीचा वारसा कायदा त्यामुळे बाजूला पडत नाही.

मृत्युपत्र आणि नॉमिनी, दोन्ही असूनही प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतो, हे यातून लक्षात घ्यायचं. म्हणून दोन्हीकडं एकच गोष्ट लिहिलेली असावी. मृत्युपत्रात ज्याला जे द्यायचं, शक्यतो त्याचंच नाव तिथं नॉमिनी म्हणून लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि ठेवींसाठी प्रत्येकाचा हिस्साही ठरवता येतो. आई आणि पत्नी यांच्यातून एकीची निवड करायची गरज आता उरलेली नाही.

पेन्शन मृत्युपत्रात लिहिता येत नाही

सरकारी नोकरदारांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. फॅमिली पेन्शन ही तुमची मालमत्ता नाही, ती नियमांनुसार कुटुंबाला मिळते. ती मृत्युपत्रानं दुसऱ्या कुणाला देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच सांगितलंय.

केंद्राच्या जुन्या पेन्शन योजनेत फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, किमान ९,००० रुपये. सेवेत असताना मृत्यू झाला, तर पहिली दहा वर्षं ५० टक्के दरानं मिळते. आधी पती किंवा पत्नीला, नंतर पात्र मुलांना, असा साधारण क्रम आहे. मूल दिव्यांग असेल आणि स्वतः कमवू शकत नसेल, तर त्याला आयुष्यभर पेन्शन मिळू शकते. मात्र त्याचं नाव आणि वैद्यकीय कागद कार्यालयात तुमच्या हयातीतच नोंदवून ठेवलेले बरे. मागे राहिलेल्यांची धावपळ त्यामुळे वाचते.

२००४ नंतर केंद्रात लागलेल्यांना एनपीएस लागू आहे. सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला जुन्या नियमांप्रमाणे पेन्शन द्यायची की एनपीएसमध्ये जमलेली रक्कम, हा पर्याय कर्मचाऱ्यानं स्वतः फॉर्म भरून द्यायचा असतो. तो भरलाय का, हे आस्थापना विभागात विचारा. राज्य कर्मचाऱ्यांचे नियम आणि तारखा वेगळ्या आहेत. एनपीएस महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून, तर कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून लागू झाली. शेजाऱ्याच्या माहितीवर विसंबू नका.

फ्लॅट इथं, शेत तिकडं

फ्लॅट दोघांच्या नावावर असला, की एकाच्या मागं तो आपोआप दुसऱ्याचा होतो, असा समज आहे. तसं होत नाही. पतीचा अर्धा हिस्सा त्याच्या वारसांकडं जातो. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात समान वाटली जाते. वडील या पहिल्या वर्गात नाहीत. ज्यांचे वृद्ध वडील त्यांच्याच आधारावर आहेत, त्यांनी हे नीट वाचावं. इतर धर्मीयांसाठी त्यांचे त्यांचे कायदे आहेत.

मग एका कुटुंबाला दोन राज्यांत फिरावं लागतं. बेंगळुरूत फ्लॅटच्या खात्यावर नाव बदलायचं, कोल्हापूरकडं सातबाऱ्यावर वारसनोंद करायची आणि बेळगावकडं उताऱ्यावर. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात. स्पष्ट मृत्युपत्र असेल, तर वारसांमधल्या वादाला तरी जागा कमी राहते.

मृत्युपत्र वाटतं तितकं अवघड नाही

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. सही तुमची आणि दोन साक्षीदारांची. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण असावेत आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नसावं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. मराठीत लिहिलं तरी चालतं. फक्त बेंगळुरूत नोंदणी करायची झाली आणि निबंधकाला मराठी समजत नसेल, तर भाषांतर जोडावं लागेल. केलेलं मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या, कारण तिथं फक्त तुमच्याच वाट्याबद्दल लिहिता येतं.

एका रविवारचं काम

• जीपीएफ किंवा एनपीएस, ग्रॅच्युइटी, समूह विमा, बँक, पोस्ट, डीमॅट : प्रत्येकाचा नॉमिनी एका वहीत लिहा. प्रत्येक नामांकन वेगळं असतं, एक बदललं म्हणून दुसरं बदलत नाही.

• कार्यालयातल्या कुटुंबाच्या तपशिलात पत्नी, मुलं, आईवडील यांची नावं आणि जन्मतारखा तपासा. आधार, पॅन आणि सर्व्हिस बुक यांत नावाचं स्पेलिंग एकच हवं.

• कर्जं, हप्ते आणि कुणाला दिलेले उसने पैसेही त्याच वहीत लिहा.

• वही कुठं आहे, हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

• आईवडिलांची जुनी खाती असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर दावा न केलेल्या ठेवी शोधून बघा.

आईला कसं सांगायचं?

खरी अडचण इथंच येते. आईचं नाव काढून बायकोचं लावायचं, म्हणजे आईला काय वाटेल? म्हणूनच वर्षानुवर्षं फॉर्म बदलत नाहीत. त्यापेक्षा सगळ्यांना एकत्र बसवा आणि सरळ सांगा : "आई, तुझ्या औषधपाण्याला आणि खर्चाला ही ठेव तुझ्या नावानं. फंड आणि विमा हिच्या आणि मुलांच्या नावानं." आईला बहुतेकदा पैशापेक्षा आपल्याला विचारलं, याचंच समाधान जास्त असतं.

आणि एकदा केलं म्हणजे संपलं, असंही नाही. लग्न, बाळाचा जन्म, घटस्फोट, कुणाचं निधन, निवृत्ती. घरात मोठा बदल झाला की नावं पुन्हा बघावीत. पुढच्या वर्षीचं 'कालनिर्णय' भिंतीवर लावाल, तेव्हा जानेवारीच्या एका रविवारच्या चौकटीत पेननं लिहून ठेवा : "नॉमिनी तपासणे."