किल्टची पूर्वपीठिका

स्कॉटलंडातील पुरुषांचा ‘किल्ट’ चित्रात पाहून आमच्या विद्यार्थिमित्रांस हसू येते. परंतु कोरीटकडील वडीलधारी मंडळींच्या धोतराशी त्याचे साम्य आहे, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

केल्टिक भाषा बोलणारे प्राचीन गेल लोक लांब सदरा व त्यावर लोकरी पांघरूण वापरीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे पांघरूणच मोठे झाले. त्याच्या निऱ्या करून ते कमरपट्ट्याने आवळीत व उरलेला भाग खांद्यावर टाकीत; शिवण मुळीच नसे. खालचा अर्धा भाग तेवढा राखलेला आखूड किल्ट अठराव्या शतकातला. शब्दही केल्टिक नव्हे. तो स्कँडिनेव्हियाकडील असून त्याचा मूळ अर्थ ‘वर खोचणे’! तात्पर्य, मूळ जुने, घाट अर्वाचीन.

बंड मोडल्यावर १७४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने डोंगरी मुलखात हा वेष निषिद्ध ठरविला. पहिल्या अपराधास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी! सैनिकांस मात्र मुभा होती. त्याच हायलंडर लोकांची ७८वी पलटण १८०३ साली आपल्या असईच्या रणांगणावर लढली. बंदी १७८२ साली उठली होती. पुढे हाच वेष राष्ट्राचा अभिमान ठरला.

म्हणून कोणाच्याही पेहरावास हसण्यापूर्वी त्याचा इतिहास विचारावा, हे बरे.