बदलते ब्राउझर आणि टिकणारे पान

संकेतस्थळ पाहण्यासाठी आपण जे साधन वापरतो, त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि एज ही त्यांतील परिचित नावे होत. या साधनांच्या नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी येत असतात. त्यामुळे संकेतस्थळे तयार करण्याची विद्या शिकू इच्छिणाऱ्याच्या मनात एक रास्त शंका येते : आज कष्टाने शिकलेले उद्या निरुपयोगी तर ठरणार नाही? नोकरी वा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्यास ही शंका अधिकच सतावते. प्रस्तुत पाठात तिचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ब्राउझरचे कार्य समजून घेऊ. आपण एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला, की ब्राउझर दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, त्या पानाची मागणी करतो. उत्तरादाखल त्याला खुणा केलेला साधा मजकूर मिळतो. हे शीर्षक, हा परिच्छेद, येथे चित्र, असे त्या खुणा सांगतात. त्या वाचून पडद्यावर पान रेखाटणे हे ब्राउझरचे काम. म्हणजेच पान लिहिणारा एक आणि रेखाटणारे अनेक असतात. खुणांच्या अर्थाविषयी त्यांच्यात एकमत नसेल, तर एकच पान निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे दिसणार, हे उघड आहे.

पूर्वी तसे घडलेही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि पुढील वर्षी पहिला ब्राउझर तयार केला. १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आणि १९९५ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर आल्यावर या दोहोंत चुरस सुरू झाली. एकाने मजकूर लुकलुकता ठेवणारी खूण काढली, तर दुसऱ्याने तो सरकता ठेवणारी. ‘हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्येच पाहावे’ अशा सूचना पानोपानी दिसू लागल्या. सर्वांसाठी समान नियम असावेत, या हेतूने वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था १९९४ मध्येच स्थापन झाली होती. परंतु ते नियम सर्वत्र पाळले जाण्यास बराच काळ लागला.

त्या चुरशीतील नेटस्केपचा आधार २००८ मध्ये थांबला आणि इंटरनेट एक्स्प्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला. हलत्या चित्रांसाठी लोकप्रिय असलेले फ्लॅश हे तंत्रही २०२० च्या अखेरीस बंद झाले. याउलट, सर्न येथे जतन केलेली वेबवरील अगदी आरंभीची पाने आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येतात. ती साध्या, सर्वमान्य खुणांनी लिहिलेली आहेत, हे त्याचे कारण. एका साधनावर अवलंबून असलेले काम त्या साधनाबरोबर जाते. नियमांवर उभारलेले काम टिकते.

हे नियम तीन भाषांत सामावलेले आहेत. एचटीएमएल पानाचा आशय व रचना सांगते, सीएसएस त्याचे रूप ठरवते आणि जावास्क्रिप्ट त्याला कृती करावयास लावते. या तिन्ही भाषांच्या बाबतीत ब्राउझरचे वर्तन सारखे नसते. एचटीएमएलमधील अनोळखी खूण आढळली, तर ब्राउझर खूण सोडून देतो व आतील मजकूर दाखवतो. सीएसएसमधील अनोळखी सूचना तो वगळतो आणि पुढे जातो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र अनोळखी वाक्यरचना आली, तर त्या फाइलमधील सारी आज्ञावलीच चालत नाही.

यातून कामाचा क्रम आपोआप ठरतो. समजा, परराज्यातील एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयाचे पान तयार करावयाचे आहे. वेळा, पुस्तकांची यादी आणि सभासदत्वाचा अर्ज आधी केवळ एचटीएमएलमध्ये लिहावा व अर्ज पाठवता येतो याची खात्री करावी. नंतर सीएसएसने रूप द्यावे. सरतेशेवटी यादीतून पुस्तक चटकन शोधण्याची सोय जावास्क्रिप्टने जोडावी. ज्याचा भ्रमणध्वनी जुना आहे, त्या वाचकाला ही शेवटची सोय कदाचित मिळणार नाही; पण यादी वाचता येईल आणि अर्जही भरता येईल.

समान नियम नसल्याचा त्रास मराठी वाचकांनीही अनुभवला आहे. सुरुवातीच्या काळात अनेक मराठी संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले स्वतःचे फाँट वापरीत. तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. पुढे संगणकप्रणालींनी व ब्राउझरनी ही पद्धती स्वीकारली आणि ‘क’ चा संकेतांक सर्वत्र एकच झाला. म्हणूनच आज पुण्यात लिहिलेले पान सुरतेत, दिल्लीत किंवा परदेशातही जसेच्या तसे वाचता येते. आपल्या पानाच्या प्रारंभी ‘यूटीएफ-८’ या संकेतपद्धतीची आणि मराठी भाषेची नोंद अवश्य करावी. दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही भाषेच्या नोंदीचा उपयोग होतो.

अभ्यासासाठी महागडी सामग्री लागत नाही. साध्या मजकूर-संपादकात पान लिहावे व ते निदान दोन ब्राउझरमध्ये आणि एका भ्रमणध्वनीवर तपासावे. एखादी नवी सोय वापरण्यापूर्वी ती कोणत्या ब्राउझरमध्ये चालते, हे पाहावे; मोझिलाच्या एमडीएन या विनामूल्य संकेतस्थळावर तसे तक्ते दिलेले असतात. पानातही ‘वाचकाचा ब्राउझर कोणता?’ यापेक्षा ‘ही सोय त्यात आहे काय?’ अशी तपासणी करणे श्रेयस्कर, कारण नावे बदलतात आणि जुन्या नावाच्या ब्राउझरमध्येही नव्या सोयी येतात.

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण या क्षेत्रात वारंवार प्रत्ययास येते. म्हणून नवे टाळावे, असे नाही. ते जुन्या पायावर जोडावे. तीन भाषांचा पाया पक्का असेल, तर नव्या आवृत्तीत शिकावयाचे थोडेच उरते आणि दिवसाकाठी मिळणारा एक तासही त्यासाठी पुरतो.