वाचलेला वेळ गेला कुठे?

यंदा आमच्या विभागाने हीट ट्रान्सफरचं प्रॅक्टिकल दोन तासांवरून एका तासावर आणलं. मुलं ब्राउझरमध्ये तयार नोटबुक उघडतात; तापमानाची रीडिंग्जसुद्धा फाइलमध्ये आधीच भरलेली असतात. ‘इन्स्टॉलेशनची कटकट संपली,’ असं बैठकीत कौतुकाने सांगितलं गेलं. त्या कटकटीतच माझं एक दशक गेलंय, त्यामुळे थोडं बोलतो.

त्याआधीच्या काळाबद्दल हळहळण्यासारखं काही नाही. आलेखाचा कागद, कोथंडरामन यांचं डेटा बुक आणि सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेलं रिझल्ट टेबल. सुखात्म्यांचं पुस्तक कपाटात सुखरूप असायचं.

आयपायथनचं नोटबुक 2011 च्या अखेरीस आलं, 2014 मध्ये त्यातून ज्युपिटर उभं राहिलं. मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पामुळे पायथनचं नाव एव्हाना कॉलेजांत ऐकू येत होतं. आमच्या लॅबमध्ये मात्र इंटरनेट नावालाच. ॲनाकोंडा पेनड्राइव्हवरून एकेका मशीनवर चढवायचा. पिपने पॅकेज एका पायथनमध्ये जायचं, नोटबुकचा कर्नल दुसऱ्याच पायथनचा, आणि पडद्यावर ‘मॉड्यूल सापडत नाही’. पायथन 2 ची तऱ्हा आणखी निराळी. उभ्या नळीच्या नैसर्गिक अभिसरणात रॅले अंकाचा एक-चतुर्थांश घात घ्यावा लागतो. मुलं सरळ 1/4 लिहीत; पायथन 2 त्याचा पूर्णांकी भागाकार करून शून्य धरी, घाताचं उत्तर एक येई आणि नसेल्ट अंक निमूटपणे 0.59 वर बसे. उष्णता-संक्रमणाचा गुणांक एच शंभरपटीहून कमी, आणि एररचा पत्ता नाही! ‘एवढ्याशा एचने ही नळी थंड कशी होईल?’ या एका प्रश्नावर बॅचभर वाद झडायचा. तसा वाद मला कुठल्याही व्याख्यानात घडवता आला नव्हता.

वरिष्ठांचा हट्ट वेगळाच. जर्नल हातानेच लिहिलेलं हवं. म्हणून मॅटप्लॉटलिबने काढलेला आलेख मुलं पेन्सिलीने आलेखाच्या कागदावर उतरवत. याला ते शिस्त म्हणत.

1 जानेवारी 2020 ला पायथन 2 चा अधिकृत आधार संपला, तोवर आमचीही घडी बसली होती. एका एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये सगळ्या पॅकेजेसच्या आवृत्त्या बांधून टाकल्या. कुठल्याही मशीनवर तेच उत्तर. फिनच्या प्रयोगात मुलं डिमरस्टॅट लावून थर्मोकपलची रीडिंग्ज तिथेच नोटबुकमध्ये भरत, सायपायने वक्र बसवत. पाचातला एक बिंदू वक्रापासून दूर दिसला की कुणीतरी उठून थर्मोकपल तपासायचं. आधीच्या वक्रापेक्षा नवा वक्र सरकलेला दिसला, तर फिन अजून तापतच आहे हे कळायचं. आकडेमोडीतून वाचलेल्या वेळात ब्लोअर लावून एच किती वाढतो तेही पाहून व्हायचं. एवढ्यासाठीच तर सारा खटाटोप होता.

मग टाळेबंदी आली. लॅबला कुलूप, तेव्हा गुगल कोलॅबवर जुनी रीडिंग्ज देऊन वेळ निभावली. त्याबद्दल तक्रार नाही. पण कुलूप निघाल्यावरही फाइल तशीच राहिली. तिच्यातला प्रत्येक बिंदू वक्रावर चपखल बसतो, त्यामुळे उठून तपासावं असं काही उरतच नाही. मुलांना एच दोन दशांशांपर्यंत काढता येतो. फिन स्थिर अवस्थेला यायला किती वेळ लागतो हे विचारलं तर ती एकमेकांकडे बघतात.

नोटबुकने वाचवलेला तास उपकरणापाशी उभं राहण्यासाठी होता, वेळापत्रकात जिरवण्यासाठी नव्हे. तो तेवढा परत द्या. कर्नल, पॅकेजेस आणि पेनड्राइव्ह यांचं आम्ही बघून घेऊ.