पाठटेकी तीनचाकी: आधी आस, मग चाक

चाकाला कन्नडमध्ये ‘गाली’ म्हणा, आसाला ‘अच्चु’ म्हणा. बैलगाडीत दोन्हींची जोडी नीट जमावी लागते, हे आपल्या सीमाभागात कुणाला सांगावे लागत नाही. सायकल घेताना मात्र आसाकडे कुणी पाहत नाही. तशी गरजही नसते. साध्या सायकलीचे पुढचे चाक फोर्कच्या दोन पायांमध्ये, दोन्ही बाजूंनी धरलेले असते. त्यामुळे तिथे 9 मिलिमीटरचा आसही वर्षानुवर्षे टिकतो.

आमच्या थोरल्या काकांना भोवळीमुळे दोन चाकांवर तोल सांभाळता येईना. सायकलची हौस मात्र सुटेना. म्हणून पुतण्याने घरीच रिकंबंट, म्हणजे पाठ टेकून चालवायची तीनचाकी करायला घेतली. पुढे दोन चाके, मागे एक. बैठक खाली, आणि चाके तीन असल्याने थांबल्यावर पाय टेकावा लागत नाही.

या गाडीत पुढची चाके बहुधा एकाच, आतल्या बाजूने धरलेली असतात. शिवाय दुचाकी वळणावर कलते, तीनचाकी कलत नाही. त्यामुळे वळणाचा सगळा आडवा जोर चाकावर आणि आसावर येतो. उतारावर आस तुटला, तर गाडीचा तो कोपरा थेट रस्त्यावर आदळेल. म्हणून निवडीची सुरुवात आसापासून करावी.

भरीव आसाची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. 9 ऐवजी 12 मिलिमीटर घेतला, तर ती सुमारे 2.4 पट होते. उद्यमबागेतल्या लेथवाल्याने हिशेब न मांडता तेच सांगितले, “अच्चु दप्प इरली.” सर्वाधिक ताण आस जिथे आधारातून बाहेर पडतो तिथे येतो, त्या जागी आटे नसावेत, गुळगुळीत दांडा असावा. हब आधाराच्या जितका जवळ, तितके चांगले. आधाराची नळी वेल्डिंगच्या उष्णतेने किंचित वाकते, म्हणून भोकाला शेवटचा हात वेल्डिंगनंतर मारावा.

हब निवडताना ब्रेक विसरू नये. व्हीलचेअरचे हब एका बाजूने धरण्यासाठीच बनलेले, अर्ध्या इंची आसाचे असतात. पण त्यांत सहसा ब्रेकची सोय नसते. स्टर्मी-आर्चरने तीनचाकीसाठी एका बाजूने बसणारे ड्रमब्रेकचे हब काढले आहेत. डिस्कब्रेकचा, जाड आसाचा हबही चालतो. ब्रेक मात्र पुढच्या दोन्ही चाकांना हवेत. ज्या खुंटीवर चाक वळते, तिची रेषा खाली वाढवली असता टायर जमिनीला टेकतो तिथे पोचावी. म्हणजे एकच ब्रेक लागला तरी हँडल फारसे ओढले जात नाही.

चाक शेवटी. 26 इंचीपेक्षा 20 इंची चाक बरे: त्रिज्या लहान म्हणून आडव्या जोराची तरफ लहान, आणि तारा आखूड म्हणून चाक कणखर. मात्र 20 इंचीतही मापे वेगवेगळी आहेत. टायरवर 406 आकडा असेल, तर रिमही 406 चीच हवी; 451 च्या रिमवर तो टायर बसत नाही.

आमच्या घरी रंग कोणता द्यावा यावर अजून वाद चालू आहे. तो खुशाल चालू द्या. आस मात्र पक्का ठरला आहे: 12 मिलिमीटर, त्याहून बारीक नाही. घरातले वडीलधारे माणूस त्यावर बसणार आहे.